समुद्रात ऑक्टोपस पाळता येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये बायकांच्या बचतगटांसोबत मी कालवं आणि खेकडापालनाचं काम करते. गेली काही वर्षं एक प्रश्न हमखास येतो. व्हॉट्सअॅपवर निळ्या पाण्यातल्या पिंजऱ्यांचा व्हिडिओ फिरतो, खाली कमाईचा आकडा असतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, "ताई, यंदा ऑक्टोपस लावायचा का?" प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवते. उदाहरणं बरीचशी स्पेनमधली आहेत, कारण समुद्रातल्या पिंजऱ्यात ऑक्टोपस पोसून विकण्याचा धंदा तिथल्या गॅलिसिया प्रांतातल्या मच्छीमारांनी खरोखर करून पाहिला आहे.

ऑक्टोपस म्हणजे आपलं माकूलच का?

नाही. नात्यातले आहेत, पण घर वेगळं. माकूल (कटलफिश) आणि नळ (स्क्विड) यांना आठ हातांखेरीज भक्ष्य धरायला दोन लांब सोंडा असतात. ऑक्टोपसला फक्त आठ हात. माकलाच्या पाठीत पांढरं, हलकं कवच असतं. ते किनाऱ्यावर वाहून येतं आणि आपण त्याला समुद्रफेस म्हणतो. ऑक्टोपसच्या अंगात असं काहीच नाही. पोपटासारखी चोच तेवढी कठीण, बाकी सगळा देह मऊ. बाजारात तिघांची सरमिसळ होते, आणि "हे तर तुमचं माकूलच" असं सांगून योजना गळ्यात मारणारे याच सरमिसळीचा फायदा घेतात.

एवढी मागणी कुठून आली?

स्पेन, पोर्तुगाल, इटली, ग्रीस, जपान, कोरिया या देशांत ऑक्टोपस पूर्वीपासून खाल्ला जातो. गॅलिसियात तर तो जत्रेचा पदार्थ. तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाणी उकळतं, बाई ऑक्टोपस डोक्याकडून धरून तीनदा पाण्यात बुडवते आणि वर काढते, म्हणजे कातडी सुटत नाही. मग शिजवून कात्रीने चकत्या, वर ऑलिव्ह तेल, खडेमीठ आणि लाल मिरचीची पूड, आणि हे सगळं लाकडी ताटलीत. ओ कार्बायिन्यो नावाच्या गावात ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी याचीच मोठी जत्रा भरते. ते गाव समुद्रापासून आत, डोंगराकडे आहे. जुन्या काळी सुकवलेला ऑक्टोपस तिथवर जायचा, आपल्याकडे सुके बोंबील घाटावर जातात तसा.

आता गंमत नव्हे, खरी अडचण अशी की त्या जत्रांना लागणारा माल गॅलिसियाच्या समुद्रातून पुरत नाही. बराचसा मोरोक्को आणि मॉरिटानियाच्या किनाऱ्यावरून येतो. जगभरात वर्षाला साधारण साडेतीन लाख टन ऑक्टोपस पकडला जातो, आणि तो जवळजवळ सगळा रानटी, म्हणजे मोकळ्या समुद्रातला असतो. मागणी वाढली, भाव चढला, पकड मात्र वर्षागणिक खाली-वर होत राहते. म्हणून पाळायचा विचार पुढे आला. विचारात वाईट काही नव्हतं.

मग समुद्रात ऑक्टोपसची शेती होते की नाही?

ज्याला शेती म्हणतात ते खरं तर पोसणं आहे. पेरणी त्यात नाहीच.

गॅलिसियात समुद्र जमिनीत आत घुसून लांबट खाड्या झाल्या आहेत. त्यांना तिथे रिआ म्हणतात. शिनाण्यांसाठी, म्हणजे दोरावर वाढणाऱ्या काळपट शिंपल्यांसाठी, या रिआ जगभर नावाजलेल्या आहेत: लाकडी तराफे, तराफ्यांवरून सोडलेले दोर, दोरांवर लगडलेले शिनाणे. याच पाण्यात १९९० च्या दशकात ऑक्टोपसचे तरंगते पिंजरे आले. सापळ्यात सापडलेला पाऊण ते एक किलोचा ऑक्टोपस लगेच विकण्याऐवजी पिंजऱ्यात सोडायचा, तीन-चार महिने खेकडे, शिनाणे, स्वस्त मासळी घालायची, आणि अडीच-तीन किलोचा झाला की विकायचा. लहान करडू आणून पोसावं आणि सणाला विकावं, त्यातला प्रकार.

वजन धरण्याच्या बाबतीत या जनावराचा हात धरणारं दुसरं सापडणं कठीण. आयुष्य जेमतेम वर्ष-दोन वर्षांचं, त्यामुळे वाढायची घाईच असते. चांगल्या पाण्यात, पोटभर खाऊ मिळाला तर तीन महिन्यांत तिप्पट. कुणालाही मोह व्हावा असं हे गणित आहे.

पण पिंजऱ्यातला प्रत्येक ऑक्टोपस आधी समुद्रातूनच आलेला. ज्या वर्षी समुद्रात कमी, त्या वर्षी पिंजरा रिकामा. पुन्हा एकमेकांना मारून खाणं, पाणी तापलं की मर, खाद्याचा खर्च. भर असतानाही गॅलिसियातलं हे उत्पादन वर्षाला काही डझन टनांच्या पलीकडे गेलं नाही, आणि पुढे ओसरलं. समुद्रावरचा भार कमी होण्याचा तर प्रश्नच नव्हता. ज्या ऑक्टोपसने समुद्रात आणखी काही महिने राहून अंडी घातली असती, तोच उचलून पिंजऱ्यात ठेवलेला.

हॅचरीत बीज का तयार करत नाहीत? कोळंबीचं होतं, जिताड्याचं होतं.

सगळं घोडं इथेच पेंड खातं, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देते.

भूमध्य समुद्रात आणि युरोपच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या साध्या ऑक्टोपसची मादी एका वेळी लाख ते पाच लाख अंडी घालते. अंडं राजगिऱ्याच्या दाण्याहून थोडं लांबट, देठ असलेलं. मादी हे देठ एकमेकांत गुंफून माळा करते आणि बिळाच्या छताला चिकटवते. मग बिळाच्या तोंडाशी बसून राहते. अंगातल्या नळीतून पाणी सोडून माळा हलवत राहते, म्हणजे अंड्यांना ताजं पाणी मिळावं, शेवाळ धरू नये. हाताच्या टोकांनी त्या पुसत राहते. पाणी थंड असेल तर हे महिनोन् महिने चालतं. एवढ्या काळात ती खात नाही. अंडी फुटतात तोवर ती वाळून गेलेली असते आणि काही दिवसांत मरते. म्हणजे आपल्या कोंबडीसारखी दर हंगामाला अंडी देणारी मादी इथे नाही. एक मादी, एकच वेत.

आता पिल्लू. अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा त्याचं धड २ मिलिमीटर असतं आणि प्रत्येक हातावर फक्त तीन चोषक, म्हणजे धरून ठेवणाऱ्या वाट्या. ते तळाला बसत नाही. दीड-दोन महिने पाण्यात तरंगत, वाहत राहतं आणि आपल्यापेक्षा लहान, हलणारं, जिवंत भक्ष्य पकडतं. मेलेलं, वाळवलेलं, गोळ्या करून टाकलेलं त्याला चालत नाही. मत्स्यबीज केंद्रांमध्ये सगळीकडे वापरतात ते आर्टेमियाचे किडे दिले तर पिल्लं खातात, पण मरतात, कारण त्यांना लागणारी चरबी, मुख्यतः डीएचए, आर्टेमियात पुरेशी नसते. खेकड्याची नुकती जन्मलेली पिल्लं दिली तर तगतात. म्हणजे ऑक्टोपसची हॅचरी चालवायची तर शेजारी खेकड्याची हॅचरी चालवावी लागते, आणि तीही केवळ खाद्यासाठी.

जपानमध्ये १९६३ सालीच कोळंबीची पिल्लं खाऊ घालून काही ऑक्टोपस तळाला बसण्याच्या वयापर्यंत जगवले होते. स्पेनच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या विगो इथल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये अंड्यापासून प्रौढापर्यंतचं चक्र प्रयोगशाळेत पुरं केलं. जगले ते मूठभर. पहिल्या प्रयोगापासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं गेली. "सहा महिन्यांत हॅचरी उभी करून देतो" असं कुणी म्हणालं, तर हा हिशोब डोळ्यांपुढे ठेवा.

पण एका स्पॅनिश कंपनीने ते करून दाखवलं ना?

हो. नुएवा पेस्कानोवा ही गॅलिसियातली मासळी व्यवसायातली मोठी कंपनी. हॅचरीत जन्मलेल्या ऑक्टोपसपासून पुढची पिढी मिळवल्याचं तिने २०१९ मध्ये जाहीर केलं. ते काम मोठं होतं, त्यात शंका नाही. त्यावर तिने कॅनरी बेटांवर, ग्रान कनारियातल्या लास पालमासच्या बंदरात वर्षाला ३,००० टनांचा प्रकल्प मांडला. हे समुद्रातले पिंजरे नव्हते. बंदराला लागून इमारत, आत टाक्या आणि समुद्रातून उपसलेलं पाणी.

मार्च २०२३ मध्ये या प्रकल्पाची कागदपत्रं बीबीसीने प्रसिद्ध केली. त्यांतले आकडे असे: वर्षाला सुमारे १० लाख ऑक्टोपस. एका घनमीटर पाण्यात १० ते १५. वाढीच्या काळात १० ते १५ टक्के मर धरलेली. आणि मारण्याची पद्धत उणे ३ अंशांच्या बर्फाळ पाण्यात बुडवण्याची. एक घनमीटर म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल अशी टाकी. आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीएवढी जागा. त्यात दहा-पंधरा ऑक्टोपस, आणि प्रत्येकाचं वजन शेवटी काही किलो.

कंपनीचं म्हणणं होतं की पाळीव माल आला की रानटी ऑक्टोपसवरचा ताण हटेल. विरोधात शास्त्रज्ञ, प्राणीसंघटना आणि कॅनरीतले रहिवासी उभे राहिले, आणि प्रकल्प पर्यावरण परवानगीच्या फेऱ्यात अडकला.

दाटीने ठेवलं तर काय होतं? कोंबड्याही दाटीत राहतात.

कोंबडी कळपातलं जनावर आहे. ऑक्टोपस एकांडा. एकेकाचं बीळ, एकेकाची हद्द, आणि समोर आपल्यापेक्षा लहान ऑक्टोपस आला तर तो शेजारी नव्हे, जेवण. गॅलिसियातल्या पिंजऱ्यांत म्हणून प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे टी आकारात जोडून बिळं करायचे आणि सारख्या वजनाचेच ऑक्टोपस एकत्र ठेवायचे. वजनात फरक पडला की छोट्याचा हात तुटलेला, नाहीतर छोटा गायब. वीण जवळ आली की मादी अंडी घालायच्या नादाला लागते, खाणं सोडते, वजन घटतं; म्हणून नर-माद्याही वेगळ्या कराव्या लागतात.

ऑक्टोपसला दुखतं का, कळतं का?

माझं उत्तर हो असं आहे, आणि ते केवळ भावनेचं नाही.

या जनावराच्या शरीरात सुमारे ५० कोटी मज्जापेशी आहेत आणि त्यांतल्या दोन-तृतीयांश हातांमध्ये. प्रत्येक हात जणू स्वतः चाचपतो, चाखतो, ठरवतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या जोनाथन बर्च यांच्या गटाने २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी तोपर्यंतचं संशोधन तपासलं. ऑक्टोपसला वेदना जाणवतात याचा पुरावा फार भक्कम आहे, आणि त्याला बरी वाटेल अशी दाट वस्तीची शेती शक्य नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यानंतर २०२२ च्या ब्रिटिश कायद्यात ऑक्टोपस, माकूल, खेकडे यांचा संवेदनशील प्राण्यांत समावेश झाला. युरोपीय संघाने तर प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठीच्या २०१० च्या नियमांत ऑक्टोपसला माशांच्या आणि उंदरांच्या पंगतीत आधीच बसवलं होतं.

आता माझं पाहिलेलं सांगते. एकदा हर्णैला संध्याकाळच्या लिलावात ट्रॉलरच्या मालात एक ऑक्टोपस होता, नारळाएवढा. टोपलीत बांगडे, दोन माकलं आणि हा. बाकी सगळं निपचित. हा टोपलीच्या काठावर एक हात टाकून बाहेर चाचपत होता. वाळूला लागला की हात मागे, मग दुसरीकडे. मी बोट पुढे केलं तर चोषकांनी धरलं. ओढ नव्हती, नुसतं धरून ठेवलं, लहान मूल धरतं तसं. अंगाचा रंग विटकरी होता तो बघता बघता पांढुरका झाला, पुन्हा भरून आला, पुन्हा गेला. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाय, तो बघतोय तुला." डोळ्याची आडवी फट खरंच माझ्यावर होती. बोट सोडवलं तेव्हा त्यावर गोल खुणांची रांग उठली होती, आणि ती घरी पोचेपर्यंत दिसत होती.

तो खातो काय आणि किती?

खेकडे, कोळंबी, शिंपल्या, मासे. शुद्ध मांसाहारी. एक किलो ऑक्टोपस वाढवायला साधारण तीन किलो किंवा जास्त खाद्य लागतं. वर सांगितलेल्या ३,००० टनांच्या प्रकल्पाला हे लावून पाहा: ९,००० टन. ते खाद्य मासळीच्या कुटीतून (सुकवून दळलेल्या मासळीतून), छोट्या माशांतून, खेकड्यांतून येणार. म्हणजे एक मासळी वाचवायला तिप्पट मासळी काढायची. जी छोटी मासळी कुटीत जाते तीच सुरमईसारख्या मोठ्या माशांचं खाणं असते, आणि गरिबाच्या ताटातली आमटीही.

याच कारणाने मी कालवं आणि शिनाणे यांच्या बाजूने इतकी आग्रहाने बोलते. त्यांना एक दाणाही घालावा लागत नाही. पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ गाळून ती वाढतात आणि पाणी उलट निवळतं. गॅलिसियातल्या त्याच रिआंमध्ये शिनाण्यांचे तराफे पिढ्यान् पिढ्या टिकले, ऑक्टोपसचे पिंजरे काही वर्षांत उतरले.

मेक्सिकोत बायका ऑक्टोपस पाळतात, तो व्हिडिओ खोटा का?

खोटा नाही. युकातानच्या किनाऱ्यावर सिसाल नावाचं मच्छीमार गाव आहे, तिथे मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचं केंद्र आहे. कार्लोस रोसास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं खपून माया ऑक्टोपस नावाची स्थानिक जात टाक्यांमध्ये वाढवली, आणि गावातल्या मच्छीमार घरांतल्या बायकांच्या सहकारी गटाला त्यात सोबत घेतलं.

तिथे जमलं याचं कारण त्या जातीतच आहे. माया ऑक्टोपसची अंडी मोठी, सेंटिमीटरभराहून लांब, आणि संख्येने हजार-दीड हजार. पिल्लू बाहेर येतं तेच आईबापाची छोटी प्रत होऊन. तरंगत राहण्याचा तो जीवघेणा टप्पाच नाही. पहिल्या दिवसांपासून तळाला बसतं आणि खेकड्या-नळाच्या मांसाचा लगदाही खातं. युरोपातल्या जातीत जे चाळीस वर्षं अडून राहिलं ते इथे निसर्गाने आयतं दिलं. तरी ही जात युकातानच्या किनाऱ्यापुरतीच आहे. आणि एवढ्या अनुकूल जातीचंही काम लहानच राहिलं; त्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आजही होडीला बांबूच्या लांब काठ्या लावून, दोरीला खेकडा बांधून, वाऱ्यावर होडी वाहू देत समुद्रातलाच माया ऑक्टोपस पकडतात.

आपल्या कोकणात जमेल का?

नाही, आणि मुख्य कारण आपला पाऊस.

ऑक्टोपसला खारटपणातला बदल सोसत नाही. भर समुद्राचं पाणी लिटरला ३५ ग्रॅम मिठाचं. ते ३० च्या खाली उतरू लागलं की ऑक्टोपस अस्वस्थ होतो, खाणं टाकतो, आणखी उतरलं की मरतो. आपल्या खाड्या जून ते सप्टेंबर जवळजवळ गोड्या होतात. जिताडा खाडीत तगतो कारण तो गोड्यापासून खाऱ्यापर्यंत सगळ्या पाण्यात राहू शकतो. ऑक्टोपस नाही. खाडीतून पिंजरा उचलून उघड्या समुद्रात न्यावा म्हटलं, तर पावसाळ्यात तिथे पिंजराच राहत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या लाटा तुम्हाला मी काय सांगायच्या.

दुसरं, उष्णता. युरोपातला ऑक्टोपस १६ ते २१ अंशांच्या पाण्यात खूश असतो. २३ च्या वर मर वाढते. आपलं पाणी वर्षातला बराच काळ २७-२८ च्या पुढे. त्यात त्याचं रक्त निळं, तांब्यावर चालणारं. आपल्या लोहाच्या रक्ताइतका प्राणवायू ते वाहून नेत नाही. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी, म्हणून तो लवकर गुदमरतो.

आपल्या समुद्रातल्या जाती वेगळ्या आहेत, त्या गरम पाण्याला सरावलेल्या. पण त्या बहुतेक लहान, ट्रॉलरच्या जाळ्यात इतर मालासोबत येतात, आणि त्यांचं बीज विकत मिळत नाही.

कुणी बीज आणि पिंजरा दोन्ही देतो म्हणालं, आगाऊ रक्कम मागितली, तर?

देऊ नका. तीन प्रश्न विचारा: कुठली जात, कुठली हॅचरी, आणि पावसाळ्यात पिंजरा कुठे ठेवायचा. आमच्या एका गटातल्या ताईंनी विचारले, तर समोरच्याने तिसऱ्या प्रश्नानंतर फोन उचलणं बंद केलं. तिच्या शेजारच्या वाडीतल्या एकीने मात्र न विचारता गळ्यातलं मोडून पैसे दिले होते. ते परत आले नाहीत. अजून ती माझ्या डोळ्याला डोळा देत नाही, जणू चूक तिची. चूक तिची नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते.

रोग कुठले येतात?

सगळ्यांत परिचित म्हणजे आतड्यात राहणारा एक सूक्ष्म परजीवी, अॅग्रेगाटा. युरोपातल्या रानटी ऑक्टोपसांमध्ये तो सर्रास असतो. आतडं खराब होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. तो खेकडा-कोळंबीतून पोटात जातो, म्हणजे आवडतं खाद्यच रोग आणतं.

पिंजऱ्यातून पळून जातो का?

जातो. जिथून चोच जाते तिथून अख्खा ऑक्टोपस जातो. न्यूझीलंडच्या नेपियर शहरातल्या राष्ट्रीय मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस असाच गेला. २०१६ मध्ये ती बातमी जगभर झाली. टाकीचं झाकण किंचित उघडं राहिलं, तो बाहेर आला, फरशीवरून सरपटत सांडपाण्याच्या पाइपात शिरला आणि समुद्राला मिळाला.

कुठे बंदी आहे का?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने मार्च २०२४ मध्ये ऑक्टोपसपालनावर बंदी घातली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, आणि तिथे पाळीव ऑक्टोपस विकण्यालाही मनाई आहे. दोन्हीकडे असं पालन सुरू झालेलं नव्हतं. आधीच दार लावून घेतलं. हवाईत कोना इथे समुद्रातून पकडून आणलेले ऑक्टोपस ठेवणाऱ्या एका केंद्राला परवाने नसल्याने राज्याने २०२३ च्या जानेवारीत काम थांबवायला लावलं.

मग पाळायचा नाही तर वाढवायचा कसा?

थांबून. हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत आशादायक वाटतं.

मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आंदावादुआका नावाचं वेझो मच्छीमारांचं गाव आहे. ओहोटीला बायका-पुरुष प्रवाळाच्या पठारावर चालत जातात आणि भाल्याने बिळातला ऑक्टोपस काढतात. माल लहान येऊ लागला तेव्हा २००४ मध्ये गावाने, ब्लू व्हेंचर्स या संस्थेच्या मदतीने, पठाराचा एक भाग काही महिने बंद ठेवला. फक्त तेवढा भाग, बाकीचा चालू. ऑक्टोपस झपाट्याने वाढणारा, म्हणून फळ लगेच दिसलं. उघडल्याच्या दिवशी मोठे मोठे ऑक्टोपस हाती लागले. शेजारच्या गावांनी ते पाहिलं आणि स्वतःहून आपापली पठारं बंद करायला सुरुवात केली. जो गुण पाहून लोक त्याला पिंजऱ्यात घालायला निघाले, तोच गुण इथे मोकळ्या समुद्रात कामी आला. खाद्य नाही, हॅचरी नाही, पिंजरा नाही.

स्पेनमध्येही, पश्चिम अस्तुरियासच्या लहान होड्यांनी सापळ्यांचा हंगाम आणि संख्या ठरवून घेतली, आणि २०१६ मध्ये शाश्वत मासेमारीचं एमएससी प्रमाणपत्र मिळवणारी ती जगातली पहिली ऑक्टोपस मासेमारी ठरली. जपानात मातीची मडकी दोरीला बांधून तळाला सोडतात. ऑक्टोपस बीळ समजून आत बसतो. आपल्या देशात पाल्कच्या सामुद्रधुनीत हेच काम मोठ्या शंखांच्या माळा करून करतात. लक्षद्वीपमध्ये ओहोटीला प्रवाळावर फिरून ऑक्टोपस काढायची रीत जुनी आहे, तिथे त्याला अप्पल म्हणतात. या सगळ्या पद्धतींत एकेक जनावर हातात येतं, लहान असेल तर सोडता येतं. ट्रॉलरच्या जाळ्यात ती सोय नाही.

तुम्ही स्वतः खाता का?

पूर्वी खात होते. हर्णैच्या त्या संध्याकाळपासून नाही. दुसऱ्या कुणी खाऊ नये असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरात ते पिढ्यांचं अन्न आहे त्यांना मी काय सांगणार. टाक्यांमध्ये दहा लाख कोंडण्याला मात्र माझा विरोध आहे, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगते.

आमच्या जाळ्यात किंवा कालवांच्या दोरांत ऑक्टोपस आला तर काय करायचं?

आधी तो एकटा आहे का ते बघा. आपल्याकडच्या लहान जाती रिकाम्या शिंपल्यात बसतात, दोन्ही झडपा आतून हातांनी ओढून घेतात, त्यामुळे वरून नुसता बंद शिंपला वाटतो. नेहमीपेक्षा जड लागला तर उघडायची घाई करू नका. आत भिंतीला पांढुरक्या माळा चिकटलेल्या असतील तर ती वीण आहे आणि मादी त्यावर बसलेली आहे. हात पाण्याने ओला करून शिंपला उचला, उन्हात ठेवू नका, बादलीत गोडं पाणी तर मुळीच घालू नका. जिथे मिळाला तिथेच, दगडांच्या कपारीत, तोंड सावलीकडे करून ठेवा आणि हात लगेच काढून घ्या. ती झडपा पुन्हा स्वतःच ओढून घेते.